खिडकीबाहेरची लाल गाडी

लंडनच्या व्हिक्टोरिया स्ट्रीटवरच्या एका रेस्तराँमध्ये १९०१ साली तिशीतल्या एका गृहस्थाने एक चमत्कारिक उद्योग केला. मखमली पाठीच्या खुर्चीवर त्याने आपला पांढरा हातरुमाल पसरला, त्यावर ओठ टेकवले आणि छाती भरून श्वास आत ओढला. पुढच्याच क्षणी त्याला जबरदस्त ठसका लागला. ठसका ओसरल्यावर त्याने रुमाल उलटून पाहिला. खुर्चीला लागून असलेल्या बाजूवर काळपट धुळीचा डाग उमटला होता. जे पाहायचे होते ते दिसले होते. धूळ फुंकून उडवण्यापेक्षा ओढून घेता येते, आणि वाटेत कापड ठेवले तर ती तिथे अडकते. थोडी घशातही जाते, पण ती अडचण यंत्राला येणार नव्हती.

या गृहस्थांचे नाव ह्यूबर्ट सेसिल बूथ. व्हॅक्यूम क्लीनर हा शब्द आणि ती वस्तू, दोन्ही त्यांनी जगाला दिले. मात्र आज दुकानात गेल्यावर जे यंत्र दिसते ते बूथ यांच्या कल्पनेतले नव्हे. धूळ ओढणारे यंत्र घरात फिरवायचे, की घराबाहेर एका जागी ठेवून आत फक्त नळी न्यायची, या प्रश्नाला त्यांनी एक उत्तर दिले आणि ग्राहकांनी दुसरे. तो प्रश्न आजही मिटलेला नाही. नवे घर बांधणाऱ्या अमेरिकन किंवा कॅनेडियन कुटुंबासमोर तो अजून उभा राहतो.

बूथ यांचा जन्म ४ जुलै १८७१ रोजी इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरात झाला. वडील लाकडाचे व्यापारी. शालेय शिक्षण गावातच झाले. १८८९ मध्ये ते लंडनच्या सेंट्रल टेक्निकल कॉलेजात दाखल झाले आणि तिथे स्थापत्य व यंत्र अभियांत्रिकीचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी पूर्ण केला. १८९२ च्या डिसेंबरात ते मॉड्सले, सन्स अँड फील्ड या जुन्या, नामांकित कारखान्याच्या आराखडे विभागात रुजू झाले. इथे युद्धनौकांची इंजिने बनत. तरुण बूथ यांनीही त्या कामाला हात लावला. पण त्यांच्या वाट्याला आलेले खरे मजेशीर काम वेगळेच होते. आपल्या जत्रेत असतो त्या आकाशपाळण्याची राक्षसी आवृत्ती त्या काळात युरोपभर लोकप्रिय होत होती. ब्लॅकपूल, व्हिएन्ना आणि पॅरिस इथल्या अशा महाकाय चक्रांच्या आराखड्यांत बूथ यांचा वाटा होता. व्हिएन्नाच्या प्राटर बागेतले, सुमारे ६५ मीटर उंचीचे चक्र १८९७ साली उभे राहिले. तारेच्या आऱ्यांवर तोललेले ते प्रचंड चाक आजही फिरते आहे.

हे तपशील वाटेवरचे वाटतील, पण बूथ यांचे पुढचे सगळे निर्णय समजायला ते उपयोगी पडतात. ज्याने युद्धनौकांची इंजिने आणि पासष्ट मीटरची चाके कागदावर उतरवली, त्याला यंत्र म्हणजे मोठेच सुचणार.

१९०१ साली लंडनच्या एम्पायर म्युझिक हॉलमध्ये एका अमेरिकन यंत्राचे प्रात्यक्षिक होते. त्यासाठी बूथ यांना बोलावणे आले. यंत्र होते गालिचे साफ करण्याचे. दाबाखालची हवा गालिच्यावर जोराने मारायची, धूळ उडवायची आणि ती वरच्या पेटीत जाऊन बसेल अशी आशा करायची, असा एकूण प्रकार. बरीचशी धूळ पेटीत न जाता बाजूने निसटत होती आणि पुन्हा गालिच्यावरच उतरत होती. प्रयोग संपल्यावर बूथ यांनी संशोधकाला साधा प्रश्न केला, की फुंकण्याऐवजी ओढून का घेत नाही. तो माणूस चिडला. ते अशक्य आहे, अनेकांनी करून पाहिले आहे, असे सुनावून तो निघून गेला. बूथ काही दिवस त्यावर विचार करत राहिले. मग रेस्तराँमधला तो रुमालाचा प्रयोग झाला.

तेव्हाच्या इंग्लंडमध्ये घरातली धूळ हा किती मोठा प्रश्न होता, याची कल्पना आपल्याला चटकन येत नाही. आपल्याकडे शहाबादी फरशी असो, कोबा असो की शेणाने सारवलेली जमीन, केर काढायचा आणि पुसायचे किंवा सारवायचे, की काम झाले. थंड देशातल्या खात्यापित्या घरांत मात्र जमिनीवर जाड लोकरी गालिचे, खिडक्यांना मखमली पडदे आणि खुर्च्यांना गाद्या. हे सगळे धुता येत नाही. शेकोटीतल्या कोळशाची काजळी आणि रस्त्यावरून बुटांबरोबर आलेली घोड्याची लीद त्यात वर्षभर मुरत राही. वर्षातून एकदोनदा गालिचे उचलून अंगणात दोरीवर टाकत आणि मोलकरणी वेताच्या बडवण्याने ते तासन् तास झोडपत. धूळ झोडपणारीच्या नाकात जाई, उरलेली शेजाऱ्याच्या अंगणात. रोजच्या झाडण्यासाठी गोल फिरणाऱ्या ब्रशाच्या ढकलगाड्या अमेरिकेत १८७६ पासून मिळत होत्या. त्यांनी वरचा कचरा उचलला जाई. तळाची बारीक धूळ मात्र ब्रशाच्या फटकाऱ्याने हवेत चढे.

त्यात भर पडली होती जंतूंच्या भीतीची. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधून काढला. त्यांचे सहकारी गेओर्ग कॉर्नेट यांनी क्षयरोग्यांच्या खोल्यांतल्या धुळीत तो जंतू दाखवला. वाळलेली थुंकी धुळीत मिसळते आणि त्या धुळीतून क्षय पसरतो, ही समजूत डॉक्टरांत आणि सामान्यांत पक्की झाली. क्षय मुख्यतः खोकल्याबरोबर उडणाऱ्या, हवेत तरंगत राहणाऱ्या अतिसूक्ष्म कणांतून पसरतो, हे नंतर स्पष्ट झाले. पण १९०१ मध्ये धूळ म्हणजे रोग हे समीकरण घराघरांत होते आणि बूथ यांचे यंत्र नेमके त्या वेळी आले.

३० ऑगस्ट १९०१ रोजी त्यांनी ब्रिटिश पेटंटसाठी अर्ज केला. यंत्राची मांडणी आज वाचताना सोपी वाटते. इंजिनावर चालणारा दट्ट्याचा पंप हवा ओढतो. पंपाच्या आधी एक हवाबंद पेटी, त्या पेटीत कापडाची गाळणी. पेटीला जोडलेली लांब लवचिक नळी, आणि नळीच्या टोकाला गालिच्यावर फिरवायचे चपटे तोंड. हवा आणि धूळ दोन्ही नळीतून येतात, धूळ गाळणीत अडते, स्वच्छ झालेली हवा पंपातून बाहेर पडते. आधीच्या अनेक प्रयत्नांत कुठे हवा पुरेशा जोराने ओढली जात नव्हती, कुठे गाळणी नीट नव्हती. जोरदार शोषण आणि त्याच्या वाटेत भक्कम गाळणी, ही जोडी बूथ यांनी जमवली.

नावाबद्दल एक खुलासा इथेच करायला हवा. व्हॅक्यूम म्हणजे निर्वात पोकळी. बूथ यांच्या यंत्रात किंवा आजच्या कुठल्याही यंत्रात अशी पोकळी नसते. आजचे चांगले घरगुती यंत्र बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा साधारण एक पंचमांशाने कमी दाब निर्माण करते, इतकेच. धुळीला उचलते ती पोकळी नव्हे, तर त्या कमी दाबाकडे धावत जाणारी हवा. वाऱ्याने पाचोळा जावा तशी ती जाते. नळीचे तोंड गालिच्यावर घट्ट चिकटले आणि हवा आत यायची थांबली, तर शोषण सर्वाधिक होते आणि सफाई शून्य. बूथ यांना हे माहीत असणारच; पण चटकन लक्षात राहणारे नाव सोडवत नाही.

१९०२ मध्ये त्यांनी कंपनी काढली. तिने यंत्रे विकली नाहीत, सफाई विकली. घोडे जोडलेली भडक लाल रंगाची गाडी गिऱ्हाइकाच्या दारात येऊन उभी राही. गाडीवर तेलावर चालणारे इंजिन आणि पंप. गणवेश घातलेली माणसे लांबलचक नळ्या उलगडत, त्या खिडक्यांतून आत घेत आणि खोलीमागून खोली साफ करत जात. इंजिन रस्त्यावर धडधडत राही. नळीचा काही भाग पारदर्शक ठेवलेला असे, म्हणजे आपल्या सुरेख दिवाणखान्यातून किती घाण निघते आहे ते यजमानांना डोळ्यांनी दिसावे. जाहिरातीची इतकी नेमकी युक्ती एखाद्या इंजिनिअरला सुचावी, याचे कौतुक वाटते. लंडनच्या उच्चभ्रू बायका मैत्रिणींना खास या सफाईसाठी चहाला बोलावू लागल्या. पाहुण्यांनी चहा प्यायचा आणि यजमानीणबाईंच्या गालिच्यातली धूळ नळीतून जाताना पाहायची. दुसऱ्याच्या घरातला केर पाहण्याची हौस सगळीकडे सारखीच.

कंपनीचे नशीब उघडले ते वेस्टमिन्स्टर ॲबीत. १९०२ च्या उन्हाळ्यात सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक ठरला होता. सिंहासनांखाली अंथरलेला भव्य निळा गालिचा मळका दिसतो आहे हे ऐन वेळी लक्षात आले, आणि तो उचलून झोडपायला सवड नव्हती. बूथ यांची माणसे नळ्या घेऊन गेली आणि गालिचा जागच्या जागी साफ झाला. ही बातमी राजापर्यंत पोहोचली. बकिंगहॅम राजवाड्यात प्रात्यक्षिक झाले आणि राजघराण्याने दोन यंत्रे घेतली, एक तिथल्यासाठी आणि एक विंडसर किल्ल्यासाठी. आरोग्याच्या स्तंभात एवढे सांगायला हवे, की तो समारंभ जूनमध्ये व्हायचा होता. पण राजाला अपेंडिक्सजवळ गळू झाले, २४ जूनला शस्त्रक्रिया करावी लागली आणि मुकुट चढायला ९ ऑगस्ट उजाडला.

यशाबरोबर कटकटीही आल्या. इंजिनाच्या आवाजाला भाड्याच्या गाड्यांचे घोडे बुजत आणि उधळत. गाडीवाल्यांनी नुकसानभरपाईचे दावे लावले. सार्वजनिक रस्त्यावर असे यंत्र उभे करायचा अधिकारच नाही, अशी पोलिसांची भूमिका होती. प्रकरण वरच्या न्यायालयापर्यंत गेले आणि बूथ जिंकले. टांकसाळीची गोष्ट अजून गमतीची सांगितली जाते. तिथली सफाई करून गाडी निघाली तेव्हा अधिकाऱ्यांनी बूथ यांना अडवले. गाळणीत साठलेल्या धुळीत चांदीचा बारीक चुरा होता आणि तो परत द्यायचे कुणाच्या ध्यानात राहिले नव्हते.

पेटंटवरून तर वर्षानुवर्षे भांडणे झाली. सगळ्यांत मौजेचा निकाल लागला १९०७ मध्ये. एका नव्या कंपनीने आपल्या नावात व्हॅक्यूम क्लीनर हे शब्द घातले, म्हणून बूथ यांची कंपनी न्यायालयात गेली. हे शब्द वस्तूचे वर्णन करतात, ते कुणा एकाच्या मालकीचे होऊ शकत नाहीत, असे न्यायालयाने ठरवले. शब्द घडवणाऱ्याच्या डोळ्यांदेखत तो सगळ्यांचा झाला.

आता मुख्य प्रश्नाकडे. गाडी दारात बोलावण्यापेक्षा यंत्र इमारतीच्या तळघरातच कायमचे बसवले तर? भिंतींतून नळ खेळवायचे, प्रत्येक मजल्यावर तोंडे ठेवायची, सफाई करणाऱ्याने हातातली नळी तिथे जोडायची. बूथ यांच्या रचनेतून हे सरळच सुचत होते, आणि मोठ्या इमारतींत अशी कायम यंत्रे बसवण्याचे काम त्यांच्या कंपनीने हाती घेतले. अमेरिकेत डेव्हिड केनी यांनी त्याच सुमारास, १९०२ मध्ये, पिट्सबर्गच्या फ्रिक बिल्डिंगमध्ये वाफेवर चालणारे तसले यंत्र बसवले. त्याचे वजन ४,००० पौंड, म्हणजे जवळजवळ १,८०० किलो होते. हॉटेले, नाट्यगृहे, मोठी दुकाने यांना ही पद्धत मानवली. इमारतीत बॉयलर आणि लिफ्ट सांभाळणारी माणसे होतीच. त्यांच्या हाताखाली आणखी एक यंत्र आले.

या मांडणीचा आरोग्याच्या दृष्टीने एक मोठा फायदा होता. कापडाच्या गाळणीतून अतिशय बारीक धूळ निसटतेच. यंत्र बाहेर असेल तर ती बाहेर जाते. यंत्र खोलीतच असेल, तर पुढून ओढलेल्या धुळीतला सगळ्यांत बारीक, म्हणजे फुप्फुसात खोलवर जाणारा भाग, मागून पुन्हा त्याच खोलीत सोडला जातो. बूथ यांच्या लाल गाडीने ही अडचण सहज टाळली होती. इंजिन रस्त्यावर, गाळणी रस्त्यावर, आवाजही रस्त्यावर. दिवाणखान्यात फक्त नळी.

घरगुती गिऱ्हाइकाला मात्र वेगळेच हवे होते. मंगळवारी पोराने बिस्किटाचा चुरा सांडला, तर त्यासाठी घोडागाडी बोलावता येत नाही. बर्मिंगहॅमचे वॉल्टर ग्रिफिथ्स यांनी १९०५ मध्ये हाताने भाता दाबून चालवायचे छोटे यंत्र काढले. बूथ यांच्या कंपनीनेही १९०६ मध्ये चाकांवरचे विजेचे यंत्र बाजारात आणले. वजन सुमारे १०० पौंड, म्हणजे ४५ किलोंच्या घरात, आणि किंमत ३५ गिनी. सामान्य कुटुंबाने नुसते पाहावे असा हा आकडा. दोन माणसांनी जिन्यावरून चढवायचे यंत्र छोटे कसले? मोठ्या यंत्राचेच ते पिल्लू होते.

छोटे यंत्र खऱ्या अर्थाने आले ते अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या कँटन गावातून. जेम्स मरे स्पँगलर हे तिथल्या एका दुकानात रात्री झाडलोट करणारे साठीचे गृहस्थ. त्यांना दमा होता. ब्रशाच्या ढकलगाडीने उडणाऱ्या धुळीने त्यांचा श्वास अडके. पोटासाठी नोकरी सोडता येत नव्हती. त्यांनी पंख्याची विजेची मोटर, साबणाचे खोके, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एकत्र करून एक यंत्र बनवले. फिरता ब्रश पुढे, त्यामागे पंखा, आणि पंख्याने ढकललेली धूळ अभ्र्यात. २ जून १९०८ रोजी त्यांना पेटंट मिळाले.

दोघांनाही धुळीने ठसका लावला होता, हा योगायोग सोडून देण्यासारखा नाही. बूथ यांना तो एकदाच लागला, तोही प्रयोगासाठी, रेस्तराँमध्ये. स्पँगलर यांना तो रोज रात्री कामावर लागत होता. बूथ हे सफाई विकत घेणाऱ्यांसाठी यंत्र बांधत होते, स्पँगलर स्वतःच सफाई करणारे होते. म्हणून एकाचे यंत्र चार माणसांनी चालवायचे झाले आणि दुसऱ्याचे एका हाताने ढकलायचे.

फरक फक्त आकाराचा नव्हता, भौतिकशास्त्राचाही होता. दट्ट्याचा पंप दाब खूप कमी करू शकतो, त्यामुळे लांब नळीतल्या घर्षणावर मात करून तो दुरून धूळ ओढतो. पण तो जड, महाग आणि आवाजी. वेगाने फिरणारा पंखा दाब थोडाच कमी करतो, मात्र हवा भरपूर हलवतो, आणि वजनाला हलका. लांब नळी जोडली की त्याचा जोर वाटेतच संपतो. म्हणून तो धुळीच्या अगदी जवळ, ब्रशाला चिकटून बसवावा लागतो. स्पँगलर यांनी नेमके तेच केले. लांबून ओढायचे तर पंप, जवळ जायचे तर पंखा. छोटी, वेगवान विजेची मोटर स्वस्त झाल्याबरोबर दुसरा मार्ग घराघरांत पोहोचला.

स्पँगलर यांच्याकडे भांडवल नव्हते. त्यांचे पेटंट घेतले विल्यम हूवर यांनी. हूवर यांचा धंदा चामड्याचा, घोड्यांचे खोगीर-लगाम बनवण्याचा. मोटारी आल्याने तो बसत चालला होता. लंडनला बूथ यांचे यंत्र घोड्यांना बुजवत होते आणि ओहायोत घोडेच नाहीसे होत असल्याने एक माणूस त्या यंत्राच्या धंद्यात येत होता. हूवर यांनी १९०८ मध्ये दहा दिवस घरी फुकट वापरून पाहण्याची जाहिरात दिली आणि गावोगावच्या दुकानदारांना हाताशी धरले. १९१९ मध्ये त्यांची कंपनी इंग्लंडमध्ये उतरली. पुढे इंग्रजीत हूवर हे क्रियापदच झाले. बूथ यांच्या मायदेशातल्या बायका घर हूवर करू लागल्या. घर बूथ करते असे कुणी म्हटले नाही.

बूथ यांनी घरगुती बाजार अगदीच सोडला असे नाही. त्यांच्या कंपनीची गॉब्लिन नावाची घरगुती यंत्रे इंग्लंडमध्ये खपली. पण कंपनीचा कणा राहिला तो कारखाने, गोदामे आणि मोठ्या इमारती. स्वतः बूथ स्थापत्याची कामेही करत राहिले. स्कॉटलंडमधल्या लॉख एटिव्हवरच्या कॉनेल फेरी पुलाच्या उभारणीत त्यांचा सहभाग होता. व्हॅक्यूम क्लीनर हे त्यांचे एकमेव काम नव्हते, हे त्यांच्या चरित्रात अनेकदा विसरले जाते. कदाचित म्हणूनच ते स्पर्धेत मागे पडले. हूवर यांच्यासाठी तो जगण्याचा प्रश्न होता.

पहिल्या महायुद्धात मात्र मोठ्या यंत्राचा दिवस आला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या काचेच्या अवाढव्य इमारतीत नौदलाच्या नव्या भरतीची छावणी होती. तिथे मेनिंजायटिसची, त्या काळच्या भाषेत ठिपक्यांच्या तापाची साथ आली. मेंदूच्या आवरणाला सूज, अंगावर लाल-जांभळे ठिपके, आणि प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात मृत्यूचे प्रमाण भयंकर. जमिनीवर दाटीवाटीने झोपणाऱ्या तरुण पोरांत ती पसरत होती. अनेक दशकांची धूळ इमारतीच्या लोखंडी तुळयांवर साठलेली होती आणि संशय तिच्यावर गेला. बूथ यांच्या १५ यंत्रांनी ती इमारत साफ केली. निघालेली धूळ २६ टन होती. साथ ओसरली आणि श्रेय यंत्रांना मिळाले.

ते कितपत खरे? मेनिंजायटिसचा मेनिंगोकॉकस हा जंतू माणसाच्या नाकाच्या मागच्या भागात आणि घशात राहतो. निरोगी दिसणारी माणसेही तो वाहत असतात. खोकला, शिंक, जवळून बोलणे यांतून तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. शरीराबाहेर, सुक्या धुळीत तो फार काळ तग धरत नाही. तुळयांवरच्या जुन्या धुळीने साथ आणली असण्याची शक्यता फार थोडी. त्याच युद्धात ब्रिटिश सैन्यातल्या डॉक्टरांनी दुसऱ्या छावण्यांत दाखवून दिले, की बिछान्यांमधले अंतर वाढवले की जंतू वाहणाऱ्यांचे प्रमाण घटते. सफाईसाठी माणसे हलवावी लागतात, गर्दी मोडते, हवा खेळते. साथ हटण्यात त्याचा वाटा असू शकतो. साथी स्वतःहूनही ओसरतात. बूथ यांच्या यंत्रांनी २६ टन धूळ काढली हे खरे, आणि ती श्वासातून गेली नाही हे चांगलेच झाले. पण रोग हटवण्याचे प्रमाणपत्र त्यांना देता येत नाही.

घरातल्या धुळीचा खरा गुन्हेगार बूथ यांच्या हयातीत सापडलाच नाही. धुळीने दमा उसळतो हे डॉक्टरांना माहीत होते. का, ते कळत नव्हते. नेदरलँड्समधल्या लायडन इथे रेइंडर्ट फोरहॉर्स्ट आणि फ्रित्स स्पिक्समा यांनी १९६४ मध्ये दाखवले, की धुळीतले डोळ्यांना न दिसणारे माइट नावाचे अष्टपाद जीव हे त्याचे मुख्य कारण आहे. आपल्या त्वचेचे गळलेले कण हे त्यांचे अन्न. गादी, उशी आणि गालिचा हे घर. त्यांच्या विष्ठेतली प्रथिने ॲलर्जी करतात. बूथ यांना रुमालावर दिसलेल्या त्या काळ्या डागात हेही असणार.

हे कळल्यावर जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. भिंतीत नळ घातलेल्या मध्यवर्ती यंत्राची हवा घराबाहेर सोडता येते, मोटर गॅरेजमध्ये किंवा तळघरात धडधडते, साठवणीची टाकी मोठी असल्याने ती वर्षातून मोजक्या वेळा रिकामी करावी लागते. पण नळ घर बांधतानाच घालावे लागतात. नंतर भिंती फोडणे महागात पडते. आतून मोजा किंवा खेळण्याचा तुकडा वळणावर अडकला तर तो काढणे हे एक स्वतंत्र प्रकरण असते. नऊ-दहा मीटरची नळी खोल्याखोल्यांतून ओढत नेणे वयस्क माणसाला झेपत नाही. फिरते यंत्र स्वस्त, घर बदलले तर बरोबर नेता येते. त्याचा जुना दोष, मागून सुटणारी बारीक धूळ, हेपा गाळणीने बराच कमी केला. ही गाळणी अमेरिकेत अणुबाँबच्या प्रकल्पात किरणोत्सारी कण अडवण्यासाठी विकसित झाली. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण ती रोखते. अट एकच, की यंत्राच्या सांध्यांतून हवा गळता कामा नये. गाळणी उत्तम आणि झाकण सैल असेल, तर धूळ गाळणीच्या वाटेला जातच नाही. आणि पिशवी रिकामी करताना ती दमेकऱ्याच्या हातात द्यायची नाही, हे स्पँगलर यांच्या अनुभवावरून तरी कळायला हवे.

दोन्हींपैकी काहीही घेतले तरी केवळ व्हॅक्यूम फिरवल्याने दमा आटोक्यात येतो, याचा पुरावा कमकुवत आहे. माइट गालिच्याच्या धाग्यांना पायांनी धरून बसतात. मेलेले आणि त्यांची विष्ठा निघते, जिवंत बरेचसे उरतात. दमेकऱ्याच्या खोलीतून गालिचा काढून टाकणे आणि अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुणे जास्त तर्काला धरून आहे. आपल्या घरांतली उघडी फरशी आणि तिच्यावर फिरणारे ओले फडके या बाबतीत गालिच्यापेक्षा वरचढ आहे. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये यंत्र लागलेच, तर ते सोफा, गादी आणि पंख्याच्या पात्यांसाठी. त्यासाठी कुणी भिंतीत नळ घालत नाही.

बूथ यांना दीर्घायुष्य लाभले. ते दीर्घकाळ आपल्या कंपनीचे अध्यक्ष होते. १९३० च्या दशकात, साठी उलटल्यावर, अभियांत्रिकीच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या न्यूकमेन सोसायटीसाठी त्यांनी आपल्या शोधाची हकीकत स्वतः लिहून काढली. म्युझिक हॉलमधला चिडलेला संशोधक, मखमली खुर्ची आणि ठसका आपल्याला आज माहीत आहेत ते त्यामुळे. तोवर पश्चिम लंडनमध्ये हूवर कंपनीचा पांढराशुभ्र, राजवाड्यासारखा कारखाना उभा राहिला होता.

१४ जानेवारी १९५५ रोजी क्रॉयडन इथे, वयाच्या ८३ व्या वर्षी बूथ यांचे निधन झाले. त्यांच्या कंपनीचे नाव आद्याक्षरांच्या रूपाने उरले ते कारखान्यांच्या मध्यवर्ती यंत्रांवर. पीठ, साखर, लाकडाचा भुसा यांची धूळ हवेत विशिष्ट प्रमाणात साठली आणि ठिणगी पडली तर स्फोट होतो. तिथे मोटर धुळीपासून दूर, भिंतीपलीकडे असणे ही सोय नसून गरज असते, आणि कामगार हातात घेतो ती फक्त नळी. व्हिएन्नाचे चक्र १९४४ मध्ये आगीत जळाले होते. ते पुन्हा उभारून १९४७ मध्ये सुरू झाले तेव्हा पूर्वीच्या ३० डब्यांपैकी १५ च परत लावले, कारण जळालेल्या चाकावर तेवढाच भार टाकणे इंजिनिअरांना सुरक्षित वाटले.